बारक्याची खरवड

आक्का भावाकडे राहायला आली तेव्हा तिच्याजवळ एक बॅग होती आणि हातभर लांब दांड्याचा एक झारा. मुलांच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये तिने उभी हयात काढली होती. मग वसतिगृहाने जेवण बाहेरून मागवायला सुरुवात केली, भट्ट्या थंडावल्या आणि स्वयंपाकघराला कुलूप लागलं. निरोपाच्या दिवशी तिला विचारलं, आठवण म्हणून काय देऊ? तिने झारा मागितला. द्यायला आलेले सगळे जरा ओशाळले. त्यांनी शाल आणून ठेवली होती.

ती भावाकडे आली ती मात्र भाचीच्या फोनमुळे. भाची लांब नोकरीला होती. "आत्या, बाबा वाळून काडी झालेत गं," ती म्हणाली. "काही विचारलं की म्हणतात, वय झालं. तू जाऊन बघ ना."

आक्काचा हा धाकटा भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. लहानपणी हडकुळा होता म्हणून घरात त्याला बारक्या म्हणत. पुढे त्याला चांगली ढेरी सुटली, तरी नाव तेच राहिलं आणि लोक त्यावर हसत. आता दार उघडून तो समोर उभा राहिला तेव्हा त्या नावात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. सदऱ्याच्या कॉलरमध्ये मान घंटेतल्या लोलकासारखी दिसत होती.

"ये," तो म्हणाला. बोलणं त्याच्या जिवावरच यायचं.

आक्का तडक स्वयंपाकघरात गेली. ओटा स्वच्छ होता, नको तितका स्वच्छ. शेगडी नव्हती. कोपऱ्यात विजेवर चालणारा एक कुकर होता, हेल्मेटएवढा. आत काढता येणारं भांडं, वर काचेचं झाकण, समोर एक खटका. खटका खाली दाबला की शिजायला लागतं, आणि शिजलं की तो आपोआप टक्कन वर येतो.

"शेगडी कुठाय?"

"इमारतीत गॅसला बंदी आहे."

"मग तू खातोस काय?"

"अंडी उकडतो. पाव असतो."

आक्काने पदर खोचला.

तीनशे माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला दोघांचा स्वयंपाक म्हणजे पोरखेळ, असं कुणालाही वाटेल. आक्कालाही वाटलं होतं. पण तिच्या हाताला सवय मोठ्या मापांची. पाणी ती बादलीने ओतत आली होती, मीठ ओंजळीने. पहिल्या दिवशी कुकरला उतू आलं आणि पेज ओट्यावरून तिच्या पायावर आली. दुसऱ्या दिवशी तिने पाणी कमी घातलं, तर तांदूळ कचकचीत राहिले. त्यात तिला झाकण उघडून बघायची खोड. मोठ्या पातेल्यात डोकावलं तर काही बिघडत नाही, वाफ ढीगभर असते. इथे झाकण उचललं की सगळी वाफ तोंडावर येऊन जायची आणि भात तसाच ताटकळायचा. बटाटे घातले तर बाहेरून पीठ, आतून दगड. एवढ्याशा डब्याने तिला अगदी जेरीस आणलं.

आणि यातलं काहीही पुढ्यात आलं तरी बारक्या चार घास खायचा, ताट बाजूला सारायचा आणि म्हणायचा, "चांगलं झालंय."

हे आक्काच्या डोक्यात जायचं. मेसमधली पोरं ताटं आपटायची, नावं ठेवायची, एकदा तर त्यांनी तिच्या दाराशी कच्च्या पोळ्यांचा ढीग रचला होता. ते तिला कळायचं. भांडता यायचं. पण कच्च्या भातालाही चांगलं म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कशावरून?

एक मात्र तिच्या लक्षात आलं होतं. जेवण झालं की बारक्या कुकरचं भांडं तिच्या हातातून काढून घ्यायचा. "मी घासतो," म्हणायचा. मग मोरीपाशी उभा राहून बराच वेळ चमच्याने खरवडत बसायचा. म्हातारपणी का होईना, भावाला घरकामाची अक्कल आली म्हणून तिने कौतुकाने सोडून दिलं.

एके सकाळी ती खाली उतरत होती, तर जिन्यात एक माणूस खांद्यावर सिलिंडर घेऊन वर येताना दिसला. तो पहिल्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईच्या दारात थांबला. आक्का तिथेच उभी राहिली.

"तुमच्याकडे गॅस चालतो?" तिने विचारलं.

"म्हणजे?" शिवणवाल्या बाईच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून ती म्हणाली, "सगळ्यांकडेच आहे की."

"बंदी आहे ना इमारतीत?"

"कुणी सांगितलं? घड्याळवाल्या काकांनी? अहो, त्यांनीच आपली शेगडी काढून टाकली. मला म्हणाले, हवी असेल तर घेऊन जा. माझ्याकडे होती, म्हणून दुसऱ्या कुणाला दिली." तिने आक्काकडे निरखून पाहिलं. "त्या दिवशीचं तुम्हाला सांगितलं नाही वाटतं त्यांनी."

"कुठल्या दिवशीचं?"

पण बाईने टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या. "त्यांनाच विचारा," ती टाचण्यांआडून पुटपुटली.

आक्का वर आली. बारक्या खिडकीपाशी डोळ्याला भिंग लावून बसला होता. त्याने मान वर केली नाही. ती तडक आत गेली. तिला वाटलं, आपण इथे राहावं हेच याच्या मनात नाही. धड स्वयंपाक करता आला नाही की ही कंटाळून जाईल, एवढा साधा हिशेब. तिने मनातल्या मनात बॅग भरलीसुद्धा. झारा कसा मावणार एवढंच ठरायचं होतं.

त्या रागातच तिने दुपारी भाज्यांचं सूप लावलं. मीठ घातलं, मग भाचीचा फोन आला, तो ठेवून ती परत आली आणि पुन्हा मीठ घातलं. तेही मेसच्या हाताने. वाट्या भरल्या. बारक्या खाली मान घालून चमच्याने खाऊ लागला. त्याची अर्धी वाटी संपली तेव्हा आक्काने पहिला चमचा तोंडात घातला आणि तशीच उठून मोरीशी धावली. समुद्राचं पाणी बरं म्हणावं असा तो प्रकार होता.

ती चूळ भरून वळली. बारक्याने वाटी संपवली होती.

"चांगलं झालंय," तो म्हणाला.

आक्का त्याच्यासमोर येऊन बसली. आयुष्यभर तिने खाणाऱ्यांचे चेहरे पाहिले होते आणि हा चेहरा तिने इतके दिवस नीट पाहिला नव्हता, हे तिला त्या क्षणी कळलं.

"बारक्या, तुला चव लागत नाही?"

त्याने रिकामी वाटी बाजूला सारली. "नाही."

"आणि वास?"

"तोही नाही. मागे मोठा ताप आला होता बघ, तेव्हापासून. डॉक्टर म्हणाले, येईल परत. नाही आला."

"आणि शेगडी?"

तो सगळं सांगायला तयारच बसला होता जणू, फक्त कुणी विचारलं नव्हतं. त्याने एकदा चहाला गॅस सुरू केला आणि पेटवायचा राहून गेला. तसाच येऊन कामाला बसला. खोली गॅसने भरत होती आणि तो एका घड्याळाचा बारीक स्क्रू शोधत होता. शिवणवाली बाई वास आला म्हणून धावत वर आली, दार वाजवलं, आत घुसून खिडक्या उघडल्या. तोवर त्याला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

"पोरीला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर हे खिडकीतलं दुकान गुंडाळून तिच्याकडे जावं लागलं असतं. तिथे मी काय करू? भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसू?"

दुसरी एखादी बहीण असती तर डोळ्यांना पदर लावला असता. आक्कालाही गलबलून आलं, नाही असं नाही. पण तिच्यातली स्वयंपाकीण आधी जागी झाली.

"मग जेवताना तुला कळतं तरी काय?"

असा प्रश्न त्याला कुणी केला नव्हता. त्याला विचार करावा लागला. "गरम कळतं. गार कळतं. गिळगिळीत असलं की नको होतं. पाव कडक असला तर बरं वाटतं. आणि ते खाली लागतं ना भांड्याला, भाताचं. खरवड. ती कुरकुरते. कानात ऐकू येते. ती खातो मी."

आक्काला मोरीपाशी चाललेलं ते खरवडणं आठवलं. "म्हणजे तू भांडं घासत नव्हतास?"

"घासायचो. नंतर."

आणि ती वेडी इतके दिवस भात खाली लागू नये म्हणून जिवाचा आटापिटा करत होती!

संध्याकाळपासून कामाला सुरुवात झाली. आक्काने तांदूळ धुऊन निथळले, भांड्याच्या तळाला तेलाचं बोट फिरवलं, पाणी बेताचं घातलं आणि खटका दाबला. खटका भात शिजायच्या आतच टक्कन वर आला.

"हे असंच करतं मेलं," ती म्हणाली. "कच्चं असतानाच सुटतं."

"सुटायला नको," बारक्या म्हणाला. त्याने कुकरची वायर काढली, आतलं भांडं उचललं आणि डोळ्याला भिंग लावून तो खाली वाकला. बऱ्याच वेळाने चिमट्याने त्याने काहीतरी वर धरलं. करपून काळं पडलेलं भाताचं शीत.

"हे खालच्या तापणाऱ्या तव्याला चिकटलंय. भांडं तिरकं बसतं, नीट टेकत नाही. तवा एकटाच तापतो आणि याला वाटतं, झालं शिजून." त्याने तवा लख्ख पुसला. "भांडंही बाहेरून कोरडं करून ठेवत जा."

भात त्या दिवशी पहिल्यांदा मोकळा झाला. पण भांडं नीट टेकल्यावर आधी एका कडेला लागायची तेवढी खरवडही धरेना. खटका वर आला की आक्का तो पुन्हा दाबायची आणि तो लगेच उसळून यायचा. तिने वर झारा टेकवून बघितला, तोही घसरला.

"जबरदस्ती नको करूस," बारक्या म्हणाला. "तापलाय तोवर तो धरणारच नाही. थोडा निवू दे, मग दाब."

"आणि झाकण?"

"ते तू उघडू नकोस म्हणजे झालं."

आक्का हात मांडीखाली घेऊन बसली. शब्दशः. तिला तेवढाच उपाय सुचला. पुढचे काही दिवस त्यांचं हेच चाललं होतं. एकदा करपून कोळसा झाला, करपट वासाने आक्का नाक दाबून बेजार झाली आणि बारक्या शेजारी निवांत बसून राहिला. तेव्हा दोघांनाही एकदमच हसू आलं. मग तिने ताल धरला. खटका सुटला की भात वरून हलक्या हाताने दाबायचा, झाकण तसंच राहू द्यायचं, जरा थांबून पुन्हा खटका, आणि आतून चुरचुर यायला लागली की कान द्यायचा. ती चुरचुर थांबत आली की वायर काढायची.

एक दिवस तिने भांडं ताटात पालथं घातलं आणि खरवड एका तुकड्यात सुटून आली, तांबूस, ताटासारखी गोल. बारक्याने ती मोडली. आवाज झाला. त्याने एक तुकडा खाल्ला, मग दुसरा. "चांगलं झालंय" म्हणाला नाही. खातच राहिला आणि ताट रिकामं झाल्यावर त्याने विचारलं, "अजून आहे?"

आक्का मोरीकडे तोंड करून उभी राहिली आणि उगाचच नळ सोडला.

भाची सुट्टीत आली तेव्हा तिचा बाप जरा भरला होता. जेवायला बसल्यावर आक्का म्हणाली, "सांग आता पोरीला. नाहीतर मी सांगते." त्याने सांगितलं. पोरगी आधी चिडली, मग रडली, मग त्याने सोबत यावं म्हणून हटून बसली. बारक्या नाही म्हणाला. आक्काने मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी भाचीने तिलाच विचारलं, "आत्या, तू राहशील इथे?"

"राहतेच आहे की," आक्का म्हणाली.

जाण्याआधी भाचीने आणखी एक कुकर आणून दिला, कारण बापाच्या खरवडीपायी आत्याला मऊ भात मिळत नव्हता. आता ओट्यावर दोन कुकर शेजारी शेजारी असतात. दोन्ही एकदम लावले की फ्यूज उडतो. म्हणून आधी त्याचा लागतो, मग तिचा. त्याचं खाऊन होतं, तरी तिचा खटका वर येईपर्यंत तो उठत नाही.