पडद्यावरचा काळा पट्टा

मित्रांनो, मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. स्त्रियांच्या दवाखान्यातले मी एक जुने सोनोग्राफी यंत्र. जे दिसते ते खरेच तिथे आहे का, आणि जे दिसत नाही ते खरेच तिथे नाही का, हे दोन प्रश्न मी दिवसभर स्वतःला विचारत असते. माणसांमध्ये हा स्वभाव कुणाला आवडत नाही. यंत्राला मात्र तो असावा लागतो.

माझा जन्म एका थंड, स्वच्छ कारखान्यात झाला. केस टोपीत कोंबलेल्या माणसांनी माझ्या प्रोबमध्ये, म्हणजे तुमच्या मुठीत मावेल अशा माझ्या हातात, स्फटिकाचे बारीक तुकडे एकाशेजारी एक बसवले. वीज मिळाली की हे तुकडे थरथरतात आणि तुम्हाला ऐकू येणार नाही असा आवाज काढतात. तो आवाज शरीरात शिरतो, कशावर तरी आपटतो आणि परत येतो. तो किती वेळाने आणि किती जोरात परतला यावरून मी चित्र काढते. हाडावरून तो जोरात परततो, म्हणून हाड पांढरे दिसते. पाण्यातून तो परततच नाही, म्हणून पाणी काळे दिसते.

कारखान्यातून निघण्याआधी मला पाण्याच्या टाकीत ताणून बांधलेले दोरे बघायला लावले. मी ते मोजून दाखवले. एकाने माझ्या पाठीवर शिक्का मारला आणि मी खोक्यात गेले.

दवाखान्यातली सुरुवातीची वर्षे कौतुकाची होती. माझ्या खोलीत जाड पडदे होते, एक उंच पलंग होता, आणि एका चाकाने कुरकुरणारे स्टूल होते. येणाऱ्या बायका आधी घाबरलेल्या असत आणि जाताना हसत असत. बाळांचे बाप मान हलवत, सगळे समजल्यासारखे करत. एकदा एका बापाने बाळाचे नाक थेट आपल्या आजोबांवर गेले आहे असे जाहीर केले. तो गुडघा होता. कुणी त्याला सांगितले नाही.

मग एक दिवस प्रोब पलंगाच्या कडेवर तसाच राहिला आणि खाली पडला. वरून काही दिसले नाही, पण आतले काही तुकडे कायमचे मुके झाले. तेव्हापासून माझ्या पडद्यावर वरून खालपर्यंत एक काळा पट्टा दिसू लागला. दुरुस्तीवाल्याने प्रोब बदलायला सांगितले. वरच्या साहेबांनी बघू म्हटले. मग सगळ्यांनाच त्याची सवय झाली. मोठ्या सिस्टर नव्या माणसाला माझी ओळख करून देत, "हिला मोतीबिंदू झालाय. पट्टा सोडून बघायचं, बाकी नजर शाबूत आहे." सगळे हसत. मला त्या हसण्याचा भरवसा वाटत नसे. ज्या जागेकडे बघायचेच नाही असे ठरते, तिथे काय आहे हे कुणाला कळणार?

या खोलीतल्या मुख्य डॉक्टरीणबाईंना सगळे पाठीमागे शंकेखोर बाई म्हणत. त्या एकच माप तीनतीनदा घेत. सिस्टर म्हणायच्या, बाई घरी चहात स्वतःच्या हाताने साखर घालून पुन्हा चाखून बघत असतील, घातली की नाही म्हणून. माझे आणि बाईंचे चांगले जमे.

एका सकाळी पाळणाघरात काम करणारी एक ताई तपासणीला आली. तिला सहावा महिना होता. बाळ हल्ली गप्प गप्प वाटते, असे ती म्हणाली. सोबत तिच्या सासूबाई होत्या. त्यांचे सारे आयुष्य कापडगिरणीत, विणलेल्या कापडातले दोष शोधण्यात गेले होते. त्या सुनेजवळ न बसता दाराजवळच्या खुर्चीत बसल्या. सुनेने पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी तिच्याकडे न बघता घेतली. मला तेव्हाच संशय आला, की या दोघींमध्ये काहीतरी अडकले आहे.

त्या सकाळी धाकट्या डॉक्टर होत्या. नुकत्याच कामाला लागलेल्या, सरळ स्वभावाच्या. त्यांनी बाळाचे डोके बघितले, पाठीचा कणा बघितला, हृदयाचे ठोके मोजले. मग प्रोब बाळाच्या पोटावर आला आणि माझा पट्टा नेमका तिथेच पडला. पट्ट्याच्या कडेला आणखी थोडा काळोख होता. माझा पट्टा पट्टीने आखल्यासारखा सरळ असतो. हा काळोख मात्र बाळाच्या यकृताभोवती वळत गेला होता. पण मला दाखवता येते, बोलता येत नाही. धाकट्या डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे पट्टा सोडून बघितले, ताईला सगळे ठीक आहे म्हणून सांगितले, आणि दोघी घरी गेल्या.

दुपारी शंकेखोर बाई सकाळची साठवलेली चित्रे चाळत होत्या. एका चित्रावर त्या थांबल्या. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.

"हा पट्टा एवढा रुंद कधी झाला?" त्यांनी विचारले. धाकट्या डॉक्टर जवळ आल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. बाई त्यांना रागावल्या नाहीत. त्यांनी आधी ताईला फोन करायला लावला.

दोघी परत आल्या त्या चिडूनच. सकाळी ठीक होते, मग दुपारपर्यंत काय बिघडले, असा सासूबाईंचा सवाल होता. आपल्यापासून काहीतरी लपवले जात आहे असे त्यांना वाटत होते. त्यांनी माझ्या पडद्याकडे बोट दाखवले.

"हा दोष मशीनचा आहे. मला सकाळीच दिसला होता. गिरणीत प्रत्येक ताग्यावर एकाच जागी दोष आला की आम्ही माग तपासायचो, सूत नाही."

"बरोबर बोलताय," बाई म्हणाल्या. "म्हणून आज मशीनही तपासू. तुम्ही पुढे या. तुमच्यासमोरच बघू."

बाईंनी ताईच्या पोटावर जेल लावले आणि प्रोब अगदी सावकाश सरकवला. माझा पट्टा पडद्यावर होता तिथेच उभा राहिला, कारण तो माझा होता. बाळाचे पोट त्याच्या आडून हळूहळू बाहेर आले, आणि यकृताभोवतीचा तो वळणदार काळोखही त्याच्यासोबत बाहेर आला. तो बाळाचा होता. बाळाच्या पोटात पाणी साठले होते. सासूबाई पडद्याजवळ वाकल्या. पुन्हा सरकवा, म्हणाल्या. बाईंनी पुन्हा सरकवले. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितले नाही.

मग बाईंनी वाहते रक्त दाखवणारे माझे रंग सुरू केले आणि बाळाच्या मेंदूकडे जाणाऱ्या एका रक्तवाहिनीतल्या रक्ताचा वेग मोजला. रक्तातल्या लाल पेशी कमी झाल्या की रक्त पातळ होते, आणि पातळ रक्त जोरात धावते. तीनदा मोजले, तीनदा वेग जास्तच भरला. बाळाला रक्त कमी पडत होते. हे असेच चालू राहिले तर त्याचे हृदय थकून थांबेल, हे बाईंनी लपवले नाही. ताईने पलंगाची कड घट्ट धरली.

आता कारण शोधायचे होते. आईच्या आणि बाळाच्या रक्तगटाचे जुळत नाही, असे काही नव्हते, ते आधीच तपासले होते. बाईंचा संशय एका विषाणूवर होता. लहान मुलांना तो थोडा ताप आणतो आणि निघून जातो. गरोदर बाईला झाला तर क्वचित बाळापर्यंत पोहोचतो आणि त्याचे रक्त तयार होणे काही काळ थांबवतो. ताईला त्यांनी विचारले, मध्ये ताप आला होता का, सांधे दुखले होते का. ताईने खाली बघितले. कणकण होती, मनगटे दुखत होती. मुले उचलून उचलून दुखत असतील म्हणून तिने घरात सांगितलेच नव्हते. सांगितले तर नोकरी सोडायला लावतील, अशी तिला भीती होती.

सासूबाई लगेच म्हणाल्या, की पाळणाघरातूनच आणले असणार, आपण सांगून थकलो. बाईंनी त्यांना हाताने थांबवले.

"जवळपास कुणा लहान मुलाचे गाल एकदम लाल झाले होते का? कुणी दोन्हीकडे चापट मारल्यासारखे?"

पाळणाघरात असे कुणी नव्हते, ताईने सांगितले. सासूबाई कुरकुरणाऱ्या स्टुलावर बसल्या.

"तसे गाल आजारानं होतात?" त्यांनी हळू विचारले.

त्यांच्या लेकीची मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणत, मध्यंतरी काही दिवस त्यांच्याकडे राहायला होती. एका संध्याकाळी सासूबाई बाजारातून परतल्या तेव्हा चिमणीचे दोन्ही गाल लालभडक होते, आणि घरात तिच्यासोबत फक्त सून होती. दोष शोधण्यात हयात गेलेल्या त्या नजरेने बघताक्षणी निकाल दिला होता. तेव्हापासून त्यांनी नातीला सुनेजवळ एकटे सोडले नव्हते, आणि सुनेशी धड बोलणेही सोडले होते.

"मला वाटलं, तू तिला मारलंस."

ताई कोपरावर उठून बसली. "मी? चिमणीला? अहो आई, एवढे दिवस हे मनात धरून बसलात?"

"विचारायला जीभ रेटली नाही."

"तिला आदल्या दिवसापर्यंत ताप होता. मीच तिला मांडीवर घेऊन बसले होते." ताईने डोळे पुसले. "आणि मलाही त्यानंतरच कणकण सुरू झाली."

मग सासूबाईंनी बाईंना विचारले, की आपण वेळीच तोंड उघडले असते तर हे टळले असते का. बाईंनी खरे तेच सांगितले. गाल लाल होईपर्यंत लागण होऊन गेलेली असते, ती टळली नसती. पण तेव्हापासून बाळावर दर आठवड्याला नजर ठेवता आली असती.

"आता कुणी आणलं हे शोधून बाळाला रक्त मिळणार नाही," बाई म्हणाल्या. "ते मिळवायच्या मागे लागू."

ताईच्या रक्ताच्या तपासणीने बाईंचा संशय खरा ठरवला. दुसऱ्या दवाखान्यातून बाळाला पोटातच रक्त देणारे एक डॉक्टर आले, त्यांना सिस्टर सुईवाले डॉक्टर म्हणू लागल्या. त्यांनी माझ्याकडे चोराकडे बघावे तसे बघितले. "या पट्ट्यात माझी सुई हरवली तर?" त्यांनी विचारले. मला वाईट वाटले, पण त्यांचे खरे होते. इतकी वर्षे येत नव्हता तो नवा प्रोब दुसऱ्याच सकाळी आला.

मग त्यांनी ताईच्या पोटातून एक लांब, बारीक सुई आत घातली. माझ्या पडद्यावर तिचे टोक म्हणजे एक चमकता ठिपका होता. नाळेतली शीर किती बारीक असते, ते मी मोजून सांगू शकते, पण ती बघताना मलाही धडकी भरली. मध्येच बाळ जरा हलले आणि ठिपका दिसेनासा झाला. सुईवाले डॉक्टर थांबले. मी सगळीकडून परतणारा प्रत्येक आवाज गोळा केला. ठिपका पुन्हा दिसला, शिरेच्या अगदी तोंडाशी. थोड्याच वेळात नाळेतून बारीक चमचम वाहू लागली. बाळाकडे रक्त निघाले होते.

पुढच्या तपासणीला वेग उतरलेला दिसला, पण मी लगेच विश्वास ठेवला नाही. बाईंनीही ठेवला नाही. पुन्हा बोलावले, पुन्हा मोजले. यकृताभोवतीचा काळोख आधी रेघेएवढा राहिला, मग तीही गेली. सासूबाई प्रत्येक वेळी यायच्या आणि प्रोब हलवून दाखवा म्हणायच्या. आता त्या पलंगाच्या डोक्याशी उभ्या राहत.

बाळ पूर्ण दिवसांचे जन्मले. मुलगी झाली. तिला माझ्याकडे आणले, तेव्हा बाईंनी तिच्या मऊ टाळूवर प्रोब ठेवून मला तिचा मेंदू बघायला लावला. थंड जेल लागताच तिने असे भोकाड पसरले, की बाहेरच्या बाकावरचे लोक आत डोकावले. बाई म्हणाल्या, आज सगळे चांगले दिसते आहे, पण वाढ आणि चालणे-बोलणे काही वर्षे तपासत राहू. आणि पुढच्या खेपेला कधी, कुठे यायचे ते त्यांनी समजावून सांगितले.

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रे आता लवकरच अडगळीत जातील. तोवर एवढेच मागते. आम्हाला जपून ठेवा, पडलो तर दुरुस्त करा, आणि आमच्या दोषाची सवय लावून घेऊ नका. संशय तर तुम्हाला येणारच. तो खुशाल येऊ द्या, पण पोटात ठेवू नका. तो उजेडात आणा, हलवून बघा, आणि ज्याच्याबद्दल असेल त्यालाच आधी विचारा.

त्या दिवशी निघताना सासूबाईंनी नातीला दुपट्यात गुंडाळले आणि सुनेकडे वळल्या.

"कधी यायचं ते तू नीट ऐकलंस ना?"

"ऐकलं, आई."

"मग झालं," त्या म्हणाल्या, आणि बाईंना पुन्हा विचारायला थांबल्या नाहीत.