तीनास दोन

टपाल कार्यालयाच्या टेबलापाशी पत्रांची छाननी करत थोरलीची चौदा वर्षं उभ्यानं गेली होती. संध्याकाळी घोटे असे सुजायचे की चप्पल निघता निघत नसे. पर्यवेक्षकाची एक जागा निघाली, तसा तिनं परीक्षेचा अर्ज भरला. पाठोपाठ धाकट्या जावेनंही भरला. तीही तिथेच कामाला, थोरलीनंच खटपट करून लावलेली.

धाकटीचं आणि गणिताचं कधी जमलंच नव्हतं. ‘दिलेली माहिती पुरेशी आहे का’ या प्रश्नांपुढे तर ती हातच टेकायची. मग स्वयंपाक उरकला की थोरली तिला घेऊन बसायची. एकदा तिनं समजावलं, अ आणि ब यांचं गुणोत्तर तीनास दोन आहे, एवढ्यावरून अ मोठा म्हणायचं नाही. वजा तीन आणि वजा दोन यांचंही गुणोत्तर तेच, पण तिथे अ लहान. दोघांची बेरीज शून्याहून जास्त आहे हेही कळलं, तरच अ मोठा. धाकटीनं ते दोनदा घोकून म्हणून दाखवलं.

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला, गुणोत्तराचं एक आणि बेरजेचं एक अशी दोन विधानं देऊन. थोरलीनं ‘दोन्ही विधानं मिळून पुरेशी’ यावर खूण केली. निकाल लागला तेव्हा धाकटी एका गुणानं पुढे होती. उत्तरसूचीत ‘गुणोत्तराचं विधान एकटंच पुरेसं’ असं छापलं होतं, आणि धाकटीनं त्यावरच खूण केली होती.

थोरलीला आधी तिची कीवच आली. घाईत विसरली असेल बिचारी. भांडी विसळताना तिनं तसं म्हटलंही.

धाकटी नळाकडे बघत म्हणाली, “विसरले नव्हते, ताई. पण प्रश्न काढणाऱ्याला वजाचं सुचलंच नसणार, असं वाटलं. त्याला जे बरोबर वाटेल, ते लिहिलं.”

“मग हरकतीच्या अर्जावर माझ्याबरोबर सही कर.”

“माझाच गुण जाईल ना त्यात.”

नवऱ्यानं एका गुणापायी घर फोडू नकोस म्हणून सांगितलं. सासूचं म्हणणं, खुर्ची घरातच आली ना, मग कोण बसतंय त्यानं काय बिघडतं. कचेरीतल्या उमेदवारांनाही होणाऱ्या पर्यवेक्षकाशी वैर नको होतं. थोरलीनं एकटीनंच सही केली, सोबत दोन पानं आकडेमोड जोडली. उत्तर एका ओळीचं आलं: सर्वसाधारण उमेदवार संख्या धनच मानतो, सबब हरकत अमान्य. ते तिनं टेबलापाशी उभ्यानंच वाचलं आणि पुढची पिशवी फोडली.

महिन्याभरात धाकटीनं पाळ्या बदलल्या. पहाटे पाचची पाळी थोरलीच्या वाट्याला आली. “बाई, तुम्हाला जमेल ना?” धाकटीनं सगळ्यांदेखत विचारलं. कचेरीत ती आता ताई म्हणत नसे. थोरली जमेल म्हणाली.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात धाकटी बराच वेळ उगाच घुटमळली. शेवटी म्हणाली, “ताई, राग नाही ना?”

“आहे,” थोरली म्हणाली. “आणि तो जायचा नाही.”

बाहेर सगळे जेवायला खोळंबले होते. थोरलीनं ताटं घेतली आणि मांडायला गेली.