कान्ह्याचा पाटील

कामशेतच्या बाजूला मिशनचा एक लहान दवाखाना होता. तिथं हिरा नर्स होती. त्रेसष्ट सालच्या पावसाळ्यानंतर अमेरिकेहून मॅक्लूरबाई डॉक्टर म्हणून आल्या. पन्नाशीच्या, उंच, मोकळ्या स्वभावाच्या. मराठी त्यांना जेमतेम येई. हिराला इंग्रजी येत होतं, म्हणून दोघींचं जमलं.

दुपारी रोगी पांगले की बाई टेबलावर मोठा कागद पसरून आपल्या घराण्याची वंशावळ मांडत. घराणं मूळचं स्कॉटलंडचं. तिथून आयर्लंडच्या उत्तरेला गेलेलं, आणि अमेरिकेवर इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा पेनसिल्व्हेनियात उतरलेलं.

“हा रॉबर्ट, आमच्यातला तिकडे गेलेला पहिला,” बाई हसत म्हणाल्या. “जहाजाच्या भाड्याला पैसे नव्हते, म्हणून बंदरावरच त्याला विकलं. सात वर्षं मालकाकडे राबला. एकदा पळाला, तर चाबूक खाल्ला.”

विकला गेलेला पूर्वज बाई हसत कशा सांगतात, हे हिराला कळेना.

“तुझे पणजोबा कोण होते?”

“पाटील,” हिरा म्हणाली. “कान्ह्याचे पाटील.”

शब्द तोंडातून गेला आणि तिचे कान तापले. छप्पन साली बौद्ध झाल्यापासून घरात जुन्या जातीचं नाव निघत नसे. नर्सिंगच्या होस्टेलमध्ये मात्र ते निघालं होतं, आणि मुलींनी आपापल्या खाटा तिच्या खाटेपासून लांब सरकवल्या होत्या. तेव्हापासून कुणी घराण्याचं विचारलं की ती विषय बदलत असे.

थंडीत एका बाळंतिणीला बघून परतताना बाईंनी जीप कान्ह्याकडे वळवायला सांगितली. पाटलांचं घर बघायचं होतं त्यांना. हिरा नको नको म्हणत राहिली. शेवटी तिनंच ड्रायव्हरला वाट दाखवली आणि जीप गावाबाहेरच्या वस्तीत, तिच्या वडिलांच्या, जानूच्या, दारात उभी राहिली.

जानू रेल्वेत गँगमन होता. त्यानं लगबगीनं घोंगडी अंथरली, चहा टाकला. बाई आज्याबद्दल विचारतात म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

“माजा आज्जा कोंडू,” तो म्हणाला. “गावची मेलेली जनावरं ओढायचा. पटकीच्या साली मानसं पटापटा मेली. पोटची पोरं बापाच्या मढ्याला शिवंनात. तवा कोंडूनं एकट्यानं समदी मढी वाहिली. साथ सरली, अन् त्याला पुन्ना वेशीभाईर उभा केला. सांग बाईला.”

हिरा बाईंकडे वळली. साथीच्या वर्षी आमच्या पणजोबांनी गाव सांभाळलं, पाटीलच होते ना, असं तिनं इंग्रजीत सांगितलं. जानूला बाकी काही कळलं नाही, पण ‘पाटील’ कळलं.

त्यानं लेकीकडे पाहिलं. बाई जीपकडे गेल्यावर तो हळूच म्हणाला, “देव सोडले आपुन, हिरे. आपली मानसं न्हाई सोडली. माज्या आज्याला पाटलाच्या घरात नेऊन बसवलंस. तितं त्याला कोन पानी तरी दील का?”

हिरा मान खाली घालून जीपमध्ये चढली.

त्यानंतर तिला त्या कागदाकडे बघवेना. एका दुपारी बाई म्हणाल्या, “तुझ्या पाटलांबद्दल मी बहिणीला कळवणार आहे.” तेव्हा हिरानं सगळं सांगून टाकलं. बाईंना समजायला वेळ लागला.

“पण रॉबर्टबद्दल मी तुला किती मोकळेपणानं सांगितलं होतं! तरी तुला सांगावंसं वाटलं नाही?”

“तुमचा रॉबर्ट सात वर्षांनी सुटला, बाई.”

बोलून ती घाबरली. बाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी बहिणीला लिहायचा कागद पुढे ओढला. मग त्यांनी पणजोबांचं नाव पुन्हा विचारलं.

रविवारी हिरा कान्ह्याला गेली. जानू दारात कुदळीला दांडा बसवत होता.

“आबा, बाईंना खरं सांगितलं.”

“काय सांगितलंस?”

“तुमी सांगितलं तेच.”

“तेच म्हंजी काय? मला सांग की.”

हिरानं शेजारच्या दारांकडे पाहिलं. तिथं बायका बसल्या होत्या. “माझा पणजा कोंडू,” ती हळू आवाजात म्हणाली, “गावची मेलेली जनावरं...”

“ओढायचा,” जानू म्हणाला. “म्हन.”

“ओढायचा,” हिरा म्हणाली. पण तिला बापाकडे बघता आलं नाही.