चौकटीबाहेरचं मेंढरू

चिमाबाईला माणूस जोखायला पाच मिनिटं पुरत. जनावराचे दात बघायचे, चाल बघायची, पाठीवर हात फिरवायचा. माणसाच्या पाठीवर हात फिरवता येत नाही, बाकी सगळं तेच. साखर पेठेतल्या संगणक वर्गात पहिलं पाऊल टाकलं त्याच दिवशी तिनं शिकवणाऱ्या चंद्रिका मॅडमना जोखून टाकलं होतं. आवाज कडक, पण एखादी चुकली की तिच्या तोंडाकडे न बघता पडद्याकडे बघून बोलणारी. म्हणजे बाई चांगली. अशी माणसं वाट्याला फार येत नाहीत, आली की लक्षात ठेवायची असतात, हे चिमाबाईला कुणी शिकवायला नको होतं.

वर्ग एका संस्थेचा, तीन महिन्यांचा, बिनाफीचा. दहावी होऊन पुढं चूल आणि मजुरी यांतच अडकलेल्या बारा बायका त्यात होत्या. चिमाबाई सांगोल्याकडची, धनगराघरची. मेंढरं विकून नवऱ्यासोबत सोलापुरात आली तेव्हापासून ती घरी बसून टॉवेलांचे लोंबते धागे कापत होती. नवरा बिरप्पा एका कारखान्यावर रखवालदार. वर्गात तिच्या शेजारी नागव्वा बसायची. अक्कलकोटकडची, चाळिशी उलटलेली, एका दुकानाला कडक भाकऱ्या करून देणारी. ती चिमाबाईला 'तंगी' म्हणायची, कानडीत धाकट्या बहिणीला म्हणतात तसं, आणि थोरल्या बहिणीचा टोमणे मारायचा हक्कही पुरता वसूल करायची.

"तंगी, माउस हाय त्यो, कोकरू न्हवं. एवढं आवळून धरू नको, पळून जात न्हाय."

"अक्का, तुमी तर त्याला भाकरीगत थापायलाय की."

अशा थापण्या-आवळण्यात दोन महिने गेले आणि बायकांची बोटं वळली. टंकन आलं, मेल धाडता येऊ लागली, तक्ते भरता येऊ लागले. चिमाबाईनं पहिली मेल बिरप्पाला पाठवली. त्याचा मेलचा पत्ताही तिनंच आदल्या दिवशी काढून दिला होता, आणि तो त्यानं अजून उघडलेला नाही.

शेवटच्या महिन्यात पुण्याच्या एका कंपनीचं काम आलं. मेंढपाळांनी मोबाइलवर काढलेले कळपांचे फोटो. त्यातल्या प्रत्येक मेंढराभोवती माउसनं चौकट ओढायची. अशा हजारो चौकटी बघून यंत्र मेंढरं ओळखायला आणि मोजायला शिकणार. आधी चाळीस फोटोंची चाचणी. शंभरात पंचाण्णव पडले तर नोकरी, महिन्याच्या महिन्याला पगार, पंख्याखाली बसून काम. संधी दोनदा. दोन्हीदा हुकली, तर चिमाबाईला परत टॉवेलांचे धागे.

"तंगीला काय भ्या?" नागव्वा म्हणाली. "तिच्या पाव्हण्यारावळ्यांचेच फोटू हायत."

साऱ्या वर्गानं चिमाबाईला मनातल्या मनात पास करून टाकलं, आणि खरं सांगायचं तर तिनंही. चाचणीला बसली तेव्हा तिला माहेरी आल्यासारखं झालं. बाभळीमागून नुसता कान दिसतोय, त्यालाही तिनं चौकट घातली. आईच्या पोटाखाली दडलेलं कोकरू धरलं. दगड आणि मेंढरू यांत इतर बायका घोटाळल्या, ती घोटाळली नाही.

फक्त दर फोटोत तिनं एक मेंढरू सोडलं.

ते मुद्दामच. तिच्या सासरी-माहेरी परक्याला कळप कधी पुरता मोजून देत नसत. जे जनावर नजरेत भरतं ते मोजणीबाहेर ठेवायचं, नाहीतर साऱ्या खांडाला दृष्ट लागते. समोर कुणाची तरी मेंढरं होती, मोजून मागणारी पुण्याची कंपनी म्हणजे तर ठार परकी. मग त्या न पाहिलेल्या मालकासाठी एवढं करायला नको? यात तिला चुकल्यासारखं काही वाटलं नाही. उलट चाळीस घरांची जित्राबं आपण जपली, या समाधानात तिनं शेवटचं बटण दाबलं.

चिमाबाईला एक्याण्णव पडले. नागव्वाला शहाण्णव. मेंढरू म्हणजे एसटीची वाट अडवणारी वस्तू, एवढीच जिची त्या जातीशी ओळख, जिच्या घरात मटण शिजत नसल्यानं खायचाही संबंध नाही, आणि जिनं एका फोटोत राखणीचं कुत्रंसुद्धा चौकटीत घेतलं होतं, तिला शहाण्णव.

नागव्वानं त्या दिवशी टोमणा मारला नाही. तेच चिमाबाईला जास्त लागलं. तिनं गुमान पिशवी उचलली.

"चिमाबाई, बसा जरा," चंद्रिका मॅडम पडद्याकडे बघत म्हणाल्या. "तुमचे फोटो परत बघू."

त्यांनी एकेक फोटो उघडला. सहाव्या-सातव्या फोटोला त्यांची मान तिरकी झाली, दहाव्याला त्या थांबल्या.

"हे बाभळीमागचं मला दिसलंसुद्धा नव्हतं, ते तुम्ही धरलंत. आणि हा मधोमध उभा आहे, एवढा थोराड, हा सुटला?"

मॅडमनी मागचे दोन-तीन फोटो परत उघडले.

"आधीच्या फोटोतही तसंच. सुटलंय ते नेमकं सगळ्यात देखणं. हे डोळ्यांचं काम नाही, चिमाबाई. हे काहीतरी दुसरं आहे."

आता ही बाई हसणार, अडाणी म्हणणार, असं धरून चालूनच चिमाबाईनं सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"माझी आईपण नव्या साडीला आधी एक टाका उसवते आणि मगच नेसते," त्या म्हणाल्या. "पण एक सांगते. हे फोटो मालकांनीच पाठवलेत, विम्यासाठी. यंत्र तुमच्याकडं बघून शिकणार. तुम्ही चांगलं जनावर सोडलंत तर तेही चांगलंच जनावर सोडायला शिकेल. मग उद्या ते मेलं, तर मालकाला काय मिळेल?"

उत्तर चिमाबाईला ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी गावात विम्यासाठी मेंढरांच्या कानात बिल्ले मारायला डॉक्टर आले, तेव्हा सासरे सिद्धाप्पांनी सगळं खांड पुढं केलं आणि सगळ्यात देखणा, जातिवंत माडग्याळी मेंढा तेवढा चुलत्याच्या वाड्यात नेऊन बांधला. त्याच साली कळप झाडाखाली असताना वीज पडली. नऊ जनावरं गेली. आठांची भरपाई आली. नववा तो मेंढा. त्याच्या कानात बिल्ला नव्हता. सासरे म्हणाले, देवाचं होतं ते देवाकडं गेलं, आणि पुन्हा त्याचा विषय घरात कुणी काढला नाही.

दुपारी बिरप्पा पाळी संपवून जेवायला बसला तेव्हा तिनं तो काढला.

बिरप्पानं घास तसाच हातात धरला. "आबांनी दृष्ट वाचवली," तो म्हणाला, "आन् मेंढा घालवला."

"मग काय करू? समदी धरू?"

"धर की. मालकानं सोताच्या हातानं फोटू धाडलाय, चोरून मोजाय आलीयास व्हय तू?" मग जरा थांबून, कारण तोही त्याच घरचा होता, "लईच वाटलं तर काजळाची तीट लाव कुटंतरी. त्यात काय जातंय?"

दुसऱ्या दिवशी चाचणीआधी चिमाबाईनं पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात काजळाचं बोट टेकवलं. मॅडम फडकं घेऊन आल्या, डाग बघितला, चिमाबाईकडे बघितलं, आणि शेजारचा स्वच्छ पडदा पुसून निघून गेल्या.

या खेपेला तिनं एकही सोडलं नाही. पहिले दहा फोटो तिनं बिचकत केले, पुढं हात चालू लागला. नव्याण्णव पडले.

"एक कुठं गेला?" मॅडमनी कंपनीचं उत्तर तपासलं. "इथं उत्तर अठरा आहे, तुम्ही सतरा धरलीत. परत एक सोडलंत?"

"सोडलं न्हाय, मॅडम. त्यो बोकड हाय. मेंढरात कसा धरू?"

"मग माझ्या कुत्र्यानंच काय घोडं मारलं होतं?" नागव्वा मागून म्हणाली, आणि सारा वर्ग हसला. मॅडमनी बोकडाची गोष्ट पुण्याला कळवली. कंपनीनं उत्तर दुरुस्त केलं आणि असले बारकावे बघणाऱ्या बाईचं नाव विचारून घेतलं.

बारांपैकी नऊ जणींना काम मिळालं. उरलेल्या तिघींना मॅडमनी पुढच्या तुकडीत परत बसवलं. शनिवारी प्रमाणपत्रं वाटायची होती. संस्थेची माणसं आली, आणि प्रत्येकीनं दोन शब्द बोलायचे असं ठरलं. बहुतेकींनी मॅडमचे इतके गोडवे गायले की मॅडम खुर्चीत अवघडून बसल्या.

चिमाबाईची पाळी आली. पदर सावरून तिनं एकेकाचं नाव घेतलं. रोज माठ भरून ठेवणाऱ्या शिपायाचं घेतलं, म्हणाली, सोलापूरच्या उन्हात ह्या माणसानं आमचा जीव राखला. जिन्याखालच्या दुकानदाराचं घेतलं, कारण तो बायकांच्या चपलांवर लक्ष ठेवायचा. तीन महिने सकाळचा भात लावणाऱ्या बिरप्पाचं घेतलं, आणि तो भात कसा व्हायचा ते सांगितलं नाही. नागव्वाचं घेतलं. "अक्का रोज टोचायच्या, म्हणून मी रोज आले. न्हायतर पहिल्याच आठवड्यात घरी बसले असते." पंख्याचेसुद्धा आभार मानले. मग हात जोडले आणि खाली बसली.

सभेत चुळबूळ झाली. नागव्वानं तिला कोपरानं ढोसलं.

"अगं तंगी, मॅडमचं राहिलं की."

"राहिलं न्हाय, अक्का. सोडलंय."

नागव्वाला कळायला जरा वेळ लागला. चंद्रिका मॅडमना लागला नाही. मान खाली घालून त्यांनी प्रमाणपत्रांचा गठ्ठा उगाच दोनदा सरळ केला, आणि पुढचं नाव वाचताना त्यांचा तो कडक आवाज पहिल्यांदाच जरा मऊ निघाला.

रविवारी चिमाबाईनं घरातले उरलेले टॉवेल नीट कापून, घड्या घालून ठेकेदाराकडे पोचते केले. सोमवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसली. पहिल्याच फोटोत बावन्न मेंढरं होती, माळावर पसरलेली, आणि पुढ्यात मान वर करून एक माडग्याळी मेंढा. तिनं तोंडातल्या तोंडात बिरोबाचं नाव घेतलं आणि पहिली चौकट त्यालाच ओढली.