डॉल्फिनची गॅरंटी

सहलीला निघालेल्या माणसाला सगळं आधीच पक्कं हवं असतं. खिडकीची जागा पक्की, जेवणातलं गोड पक्कं, आणि जे बघायला जायचं ते दिसणारच हेही पक्कं. संगमनेरच्या बसस्टँडसमोर सहलींचं छोटंसं ऑफिस चालवणारे सुनीलराव गाडेकर हे फटके खाऊन शिकले होते. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी भंडारदऱ्याला काजवे दाखवायला बस नेली आणि काजव्यांनी नेमकी त्याच रात्री दांडी मारली. मग वर्षभर भाजी घ्यायला गेलं तरी कुणी ना कुणी विचारायचंच, "काय सुनीलराव, काजवे सुट्टीवर हुते का?"

म्हणून यंदा कोकणच्या सहलीचा फ्लेक्स लावताना त्यांनी ठळक अक्षरांत छापून घेतलं, 'डॉल्फिन दिसणारच! गॅरंटी!' बस बघता बघता भरली. सुनीलरावांची बायको रेश्मा सहलीची व्यवस्था बघायला बसबरोबर गेली आणि सुनीलराव ऑफिस सांभाळायला मागं राहिले.

बस कोकणात पोचली, त्या सकाळी पंकजा ऑफिसात आली. ही पाथर्डीकडची मुलगी. संगमनेरला कॉलेज करताना गाडेकरांच्याच वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. आता ती कोकण किनाऱ्यावर डॉल्फिन आणि देवमाशांचा अभ्यास करणाऱ्या एका गटात काम करत होती. गावी जाता जाता ती मुद्दाम वाट वाकडी करून आली होती. सुनीलरावांनी चहा मागवला, तोवर तिनं फ्लेक्सकडं बोट दाखवलं.

"काका, तेवढा 'गॅरंटी' शब्द काढा की."

"अगं, त्या शब्दावरच तर बस भरली! लोक बघत्यात, खूश हुत्यात, घरी येत्यात. त्यात कुणाचं काय वाकडं झालं?"

"डॉल्फिनचं झालं, काका. तो डोळ्यांपेक्षा कानावर जगतो. आई आणि पिल्लू शिट्ट्या मारून एकमेकांना धरून असतात. चार बोटी इंजिन घुमवत मधी घुसल्या, की त्यांच्या कानाशी डीजे लावल्यासारखंच. पिलाला आईचा आवाज ऐकूच येत नाही."

"मग काय, बघायलाच जायचं न्हाई?"

"जायचं की! आमच्या बोटीवर पण लोक येतात. आम्ही लांब थांबतो, इंजिन बंद करतो. लोक गप बसून मोजतात, पाठीवरच्या पंखांचे फोटो काढून आम्हाला देतात. दर डॉल्फिनच्या पंखाची कड निराळी असते, त्यावरून आम्ही कोण कुठला ते ओळखतो. या सहलींवरच आमचा अभ्यास चालतो. तुमच्या बस आमच्याकडं आणा, हेच सांगायला आले मी. फक्त दिसेलच असं आम्ही कुणाला म्हणत नाही."

सुनीलराव मोठ्यानं हसले. "म्हंजी न दिसायची सहल! आन् ती मी विकू? लई गुणाची पोर हायेस, पण धंदा तुझा न्हवं."

पंकजा हसली नाही. "काका, आपल्याकडं विहिरीत बिबट्या पडला होता, आठवतंय? सगळा गाव काठावर लोटला होता. तेव्हा 'मोबाईल खिशात घाला, त्याला वर यायला वाट द्या' म्हणून घसा फोडून कोण ओरडत होतं?"

"मीच की!" सुनीलरावांची छाती आपसूक फुगली. "पर ती गोष्टच येगळी. मुकं जनावर अडकलं हुतं."

"समुद्रात पण तेच असतं. फक्त तिथं विहीर आपण बोटींनी बांधतो."

तेवढ्यात फोन वाजला. रेश्माचा व्हिडिओ कॉल होता.

पडद्यावर ऊन, लाटा आणि नुसता कल्ला. "अहो, बघा! दिसला!" रेश्मा ओरडत होती. तिची बोट एकटी नव्हती. आणखी कुठल्या कुठल्या सहलींच्या बोटी गोल करून उभ्या होत्या, आणि त्या गोलात पाण्याबाहेर एक करडी पाठ आली. पुन्हा आली. लहानशी होती.

पंकजा खुर्चीवरून उठलीच. "काका, ते पिल्लू आहे! आई बोटींच्या पलीकडं राहिलीय. इंजिन बंद करायला सांगा, वाट सोडायला सांगा!"

"रेश्मा, बोट मागं घ्यायला सांग!"

"काय? जवळ? हां, घेतायत, घेतायत!"

"जवळ न्हाई! मागं! मागं!"

रेश्माच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. तिला कळलं असावं, कारण तिनं फोन बोट चालवणाऱ्या तांडेलाच्या हातात दिला. तो शांतपणे म्हणाला, "शेठ, तुम्हीच सांगितलंत ना, दाखवल्याशिवाय माघारी फिरायचं नाही? आता दिसलाय, तर मागे कशाला घेऊ?"

"मी सांगतोय ना, घ्या मागं!"

"मग हे तुमच्या माणसांना सांगा." त्यानं फोन लोकांकडं फिरवला. सुनीलराव बिबट्याच्या दिवशी ओरडले नव्हते इतक्या जोरात ओरडले. पण इंजिनाच्या घरघरीत कुणाला काय ऐकू येणार! लोकांना वाटलं, मालक आनंदानं ओरडतायत. त्यांनी फोनकडं बघून हात हलवले. "सुनीलराव, एक नंबर! गॅरंटी म्हंजी गॅरंटी!"

आणि रेंज गेली. पडद्यावर चित्र थिजून राहिलं. दोन बोटी आणि त्यांच्यामधे ती इवलीशी पाठ.

त्यांनी पुन्हा फोन लावला. पुन्हा पुन्हा लावला. संगमनेरहून समुद्र किती लांब आहे, हे आयुष्यभर गाड्या पाठवणाऱ्या त्या माणसाला आज पहिल्यांदा कळलं.

"पंकजा, आता गं?"

तिनं आपल्या गटातल्या लोकांना फोन करून पाहिला होता. त्यांची बोट दुसऱ्याच खाडीत होती. "आता काही नाही, काका," ती म्हणाली. "इथून काहीच करता येत नाही." चहावर साय धरली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बस परतली. लोक खुशीत उतरले, सुनीलरावांचे हात हातात घेऊन हलवून गेले. सगळ्यात शेवटी रेश्मा उतरली. घरी आल्यावर ती आधी घटाघटा पाणी प्यायली.

"मला कळलं हुतं तुमी काय म्हणताय," पाण्याचा तांब्या खाली ठेवत ती म्हणाली. "मी दोनदा सांगितलं बोट मागं घ्या म्हणून. तर लोक अंगावर आले. म्हणले, वहिनी, मालकांनी गॅरंटी दिलीय, तुमी मधी पडू नका. मी एकटी काय करणार हुते?"

"आन् पिल्लू?"

"गोल गोल फिरत हुतं. मग दिसलंच न्हाई. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

सुनीलरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. विहिरीवरची गर्दी त्यांनी हाकलली होती. अरेरे, ही गर्दी तर त्यांनीच बोलावली होती! आपल्याच शब्दानं बायकोचं तोंड बंद केलं, हे त्यांच्या मनाला फार लागलं.

काही दिवसांनी पंकजाचा फोन आला. त्या भागात एक मादी दिसली होती, तिच्या पंखाला नवी खाच होती आणि बरोबर पिल्लू नव्हतं.

"म्हंजी मेलं?"

"माहीत नाही, काका. ती तीच आई का, तेही सांगता येत नाही. पिलाचं काय झालं ते आपल्याला कधीच कळणार नाही."

त्याच दिवशी सुनीलरावांनी फ्लेक्स उतरवला आणि पंकजाच्या गटाबरोबरची सहल जाहीर केली. विचारणाऱ्या प्रत्येकाला 'दिसेल किंवा दिसणार नाही' असं खरंखरं सांगितलं. माणसं 'विचार करून सांगतो' म्हणत आणि तशीच पलीकडच्या दुसऱ्या सहलवाल्याच्या ऑफिसात शिरत. तिथं आता 'डबल गॅरंटी' झळकत होती! बसच्या जागी जीप निघाली. या वेळी सुनीलराव स्वतः गेले.

पंकजाच्या गटाची बोट लांब थांबली; पंकजाही बरोबर होती. इंजिन बंद झालं. सगळे डोळे ताणून बसले, पण समुद्र काही बोलेना. पुणतांब्याच्या भागूबाई अखेर वैतागल्या. "सुनील, येवढ्या लांब आनलं आन् नुसतं पानीच दाखवलं व्हय रं?"

इतक्यात दूरवर बोटींची धावपळ उडाली. शिट्ट्या, आरडाओरडा वाऱ्यावर इकडं येऊ लागला. "तिकडं निघालाय वाटतं! चला की तिकडं!" भागूबाई उठूनच उभ्या राहिल्या. सगळ्यांनी सुनीलरावांकडं पाहिलं. बोटवाल्यानंही पाहिलं.

त्या बोटी थांबवणं सुनीलरावांच्या हातात नव्हतं. तिथं पाण्याखाली काय चाललं असेल, हे मात्र आता त्यांना माहीत होतं.

"न्हाई, मावशी. तिथं आधीच लई बोटी झाल्यात. आपली एक तरी नगं."

भागूबाई फुगून खाली बसल्या. तिथूनच दूरच्या गलक्याकडं बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "त्यात पिल्लू आसंल का रं?"

"आसंल, मावशी."

"मग नगं," भागूबाई म्हणाल्या.

वाचकहो, त्या दिवशी त्या बोटीवर कुणालाच डॉल्फिन दिसला नाही. पंकजानं 'आज एकही नाही' अशी नोंद केली आणि तीही अभ्यासाला लागते असं सांगितलं. पलीकडच्या बोटी तशाच पळत राहिल्या आणि आजही पळत असतील. 'लोक ऐकत नाहीत' असं आपण सगळेच म्हणतो, पण ते लोक म्हणजे दुसरं कोण? आपणच ना! म्हणून सहलीला अवश्य जा, समुद्र बघा, त्याचा अभ्यास करणाऱ्यांच्या बोटीत बसा आणि त्यांच्या कामाला हातभार लावा. मात्र जिवंत प्राण्याची गॅरंटी कुणाकडं मागू नका. तुम्ही मागितलीत, की ती पुरी करायला कुणीतरी आई आणि पिलाच्या मधे बोट घालतं.