दीड गोळीचा आवाज

बाभुळगावात अब्दुल गनीचं नाव होतं, आणि ते त्यानं स्वतः पसरवलेलं नव्हतं, हे विशेष. शेतातलं डिझेल इंजिन असो की दमलेली मोटारसायकल, तो आधी पाना हातात घेत नसे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. मग म्हणायचा, "वॉल्व्ह." एवढंच. गनीभाई इंजिनाची नाडी पाहतो, असं गिऱ्हाईक सांगत. हे ऐकून गनी नम्रपणे खाली पाही, पण नाकारत नसे.

त्याची बायको जोहराबी मात्र दोन वर्षांपासून बंद पडली होती. हा शब्द त्याचाच. उदासीवर एक औषध झालं, दुसरं झालं, मग दोन्ही मिळून झाली. ती पलंगावरून काही उठेना. सख्ख्या भाच्याच्या निकाहालाही गेली नाही, आणि त्यांच्या घराण्यात निकाह चुकवायचा तर मयत व्हावं लागे. गनीनं तावीजही बांधला. कोणता स्क्रू ढिला आहे ते कळेपर्यंत सगळेच आवळून पाहावेत, हा त्याचा धंद्यातला नेम.

यवतमाळच्या डॉक्टर सत्यशीलांनी शेवटी चालू औषधाच्या जोडीला एक नवी गोळी दिली. अंगात तरतरी आणणारी, साध्या चिठ्ठीवर न मिळणारी.

"म्हंजे थंड्या इंजिनाचा चोक वढल्यावानी?" गनीनं विचारलं.

"साधारण तसंच," डॉक्टर म्हणाल्या.

तिथं त्या चुकल्या. मेकॅनिकला त्याच्या धंद्यातला दाखला मिळाला की पुढचं त्याला ऐकू येत नाही. पुढचं असं होतं: सकाळी नाश्त्यानंतर अर्धी गोळी, दुपारी नाही, नाहीतर झोप उडेल. नाडी, झोप, भूक आणि मनाला दहापैकी गुण रोज वहीत लिहायचे. वही पाहून डोस कमी-जास्त डॉक्टर करतील, आपल्या मनानं करायचा नाही. आणि गुण तिलाच विचारून लिहायचे.

पहिल्या सकाळी गनीनं वही उघडली. "जोहरा, धापैकी किती?"

"अल्लाचा शुकर हाये."

"शुकर ठीक हाये. आकडा सांग ना."

"तुमीच टाका जी."

मग त्यानंच टाकले. त्याला त्यात अवघड काही वाटलं नाही. गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये टिनाचा एकच पत्रा होता. सव्वीस वर्षं त्या पत्र्यातून तो बायकोचा राग, खुशी आणि माहेरची आठवण ऐकत आला होता. गोळी सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी पलीकडे चमचा पडला. दोन वर्षांत पहिला. गनीनं वहीत तीन लिहिले आणि स्पार्क प्लग घासता घासता गाणं म्हटलं.

वही पाहून डॉक्टरांनी अर्धीची एक केली. पातेलं वाजू लागलं. गनीनं पाच लिहिले. एकीची दीड झाली. आता कढईसुद्धा बोलू लागली.

"काहून दात काढून राह्यला गनीभाई?" स्कूटर घेऊन आलेल्या उकंडानं विचारलं.

"आयक."

"काय आयकू?"

"भांडे."

"भांडे तं माह्या घरीबी वाजतात. मी तं बाहेर पयतो."

गनीनं त्या दिवशी सात लिहिले. नाडी एकशे आठ, झोप तीन तास, जेवण अर्धी पोळी, हेही त्यानं इमानदारीनं लिहिलं. नवीन बसवलेलं इंजिन थोडं तापतंच. भांडी वाजत, तरी दोन्ही वेळचा डबा शेजारी राहणाऱ्या त्याच्या बहिणीकडून, नसरीनकडून येई, याचा मात्र त्यानं विचार केला नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी जोहराबीला वजनकाट्यावर उभं केलं. मग तिचे कापणारे हात पाहिले. मग वही.

"चार किलो कमी. झोप नाही. आणि मनाला सात? गनीभाई, हे सात कोणी दिले?"

गनीनं सांगितलं. पत्रा, चमचा, पातेलं, कढई. चांगला रंगात येऊन सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"मॅडम," जोहराबी फरशीकडं पाहत म्हणाली, "पातेलं रिकामं होतं."

"म्हणजे?"

"पयल्या दिवशी चमचा हातून पडला. खरंच पडला. तं हे तिकडून गाने म्हनाले." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मंग मी रोज पाडला."

गनी तिच्याकडं वळला. "काहून पन, जोहरा?"

"तुमी लय दिवसानं गायले ना जी."

खोलीत पंखा तेवढा फिरत होता. त्याच्या बेअरिंगला तेल हवं होतं, हे गनीच्या कानाला कळलं, आणि तेवढंच कळलं.

"म्हणजे अर्धीची एक आणि एकीची दीड मी चमच्यावर केली," डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारख्या बोलल्या. त्यांनी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायला लिहिलं, डोस उद्यापासून अर्ध्या गोळीवर आणला. अर्ध्यानंही काही होत नसेल, तर दोन आठवड्यांनी ही गोळी बंदच करायची, असंही सांगितलं.

"मंग दुसरी कोनती?" गनीनं विचारलं.

"रस्ते आहेत. पण खूप उरलेत असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. आधी मला खरा आकडा पाहिजे. जोहराबी, दहापैकी किती?"

जोहराबीनं नवऱ्याकडं पाहिलं. माफी मागताना पाहतात तसं.

"एक," ती म्हणाली. "गाने म्हनत तवाबी एकच."

येताना एसटीत वही गनीच्या मांडीवर मिटलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गनीनं ब्लेडनं गोळीचे दोन तुकडे केले. तुकडे सारखे आहेत की नाहीत ते उजेडात धरून पाहिलं. वॉल्व्हची फट तो केसाएवढी बरोबर काढी. इथं एक तुकडा मोठा झाला होता. तिला छोटा द्यावा की मोठा, हे त्याला ठरवता येईना. शेवटी तिनंच एक उचलला.

"किती?"

"एक."

त्यानं एक लिहिला. गॅरेजात आला. पत्र्यापलीकडे काहीच वाजत नव्हतं. आता वाजलं असतं तरी काय कळलं असतं?

उकंडा पुन्हा दुरुस्तीला टाकलेली स्कूटर न्यायला आला, तेव्हा ती तशीच उभी होती. गनी पत्र्याशी उभा होता. स्क्रू ड्रायव्हरचं टोक पत्र्याला, मूठ कानाला, डोळे मिटलेले.

उकंडानं बराच वेळ वाट पाहिली. मग हळूच विचारलं, "वॉल्व्ह का, गनीभाई?"

गनीनं मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते उकंडाला कळलं नाही. गनीलाही.