आतल्या खोलीची फरशी

आनंदीबाई पडल्या तेव्हा फरशी पुसून पाऊण तास होऊन गेला होता. हा पाऊण तास श्यामसुंदर गद्र्यांनी पुढे सगळ्यांना ऐकवला. डॉक्टरांना ऐकवला, नागपूरला असलेल्या मुलीला, तनयाला, फोनवर ऐकवला आणि भांडी-फरशीला येणाऱ्या सुंदराबाईंना तर दोनदा. पाऊण तासात कुठलीही फरशी वाळते. ती वाळली नाही, याचा अर्थ फडकं नीट पिळलेलं नव्हतं.

"आतल्या खोलीत मी जवळजवळ कोरडंच फडकं फिरवते, काका," सुंदराबाई म्हणाल्या. "ती खोली अशीच ओली असती."

"अशीच म्हणजे?"

"अशीच. हितं पाणी हाय."

गद्र्यांनी वाद घातला नाही. कामाला येणारं माणूस चूक कबूल करत नसेल तर वाद घालण्यात वेळ जातो, असं त्यांचं मत होतं. पहिल्या तारखेपासून सुंदराबाईंकडे फक्त भांडी राहिली. फरशी पुसायचं काम गद्र्यांनी स्वतःकडे घेतलं.

आनंदीबाईंच्या खुब्यात स्क्रू बसले. घरी सोडताना डॉक्टरांनी गद्र्यांना बाजूला घेऊन सांगितलं की हाडं ठिसूळ झाली आहेत, आता आहे ते टिकवायचं. पुन्हा पडल्या तर परत उभ्या राहतील याची खात्री मी देणार नाही. गद्र्यांनी ते वाक्य घरी कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून घरातलं एकेक पाऊल ते मोजायला लागले. बायको वॉकर घेऊन पलंगावरून उठली की हे हजर. डावा हात तिच्या कोपराखाली, नजर फरशीवर.

विश्रांतवाडीच्या पुढे, जुन्या गावठाणाला लागून असलेल्या तीन मजली इमारतीत त्यांची तळमजल्यावरची जागा होती. आनंदीबाईंचे गुडघे आणि नसलेली लिफ्ट पाहून चार वर्षांपूर्वी घेतलेली. हॉल, स्वयंपाकघर आणि आतली खोली. जमिनीवर भराव आणि त्यावर पांढऱ्या, गुळगुळीत, चेहरा दिसेल अशा टाइल्स. तेव्हा याच टाइल्सवर दोघं खूश झाले होते.

मॉप घ्यायला गद्रे बसने शहरात, बोहरी आळीत गेले. दुकानदाराने चार प्रकार काढून ठेवले.

"बाई असेल ना पुसायला?"

"मी पुसतो."

"मग हा घ्या. दोऱ्यांचा. दणकट आहे, दोन वर्षं बघायला नको."

"किती पाणी धरतो?"

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "काका, मॉप आहे. पाणी धरतो, सोडतो. खडकवासला धरणासारखे आकडे नाही येत त्याचे पेपरात."

गद्र्यांनी तोच घेतला. विनोदाला उत्तर म्हणून त्यांनी सुटे पैसे दिले.

चौतीस वर्षं ते एका औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत होते. तिथे त्यांनी एक नियम कधी मोडला नव्हता आणि हाताखालच्या कुणाला मोडू दिला नव्हता. आकडा विचित्र आला तर आधी उपकरण तपासायचं, नमुन्याला दोष द्यायचा तो सगळ्यात शेवटी. या नियमाने त्यांना नोकरीत दोन बढत्या मिळाल्या होत्या. घरी त्यांनी तोच लावला.

दोऱ्यांच्या मॉपने पुसल्यावर हॉल अकरा मिनिटांत वाळला, स्वयंपाकघर तेरा. आतल्या खोलीत पलंगाजवळ पन्नास मिनिटांनीही ओल होती. उपकरण सदोष. मॉप गॅलरीत गेला. मग बादलीतल्या जाळीत गरगर फिरवून पिळायचा आणला. हॉल सहा मिनिटं. आतली खोली चाळीस. मग तनयाने तिकडून ऑनलाइन चपटा, मायक्रोफायबरचा पाठवला, आणि पाठोपाठ फोनही केला.

"बाबा, आता तरी बास. लोक एवढ्यात कार निवडतात."

"कारवरून घसरून कुणाचा खुबा मोडत नाही."

चपट्याने हॉल चार मिनिटांत वाळला. आतल्या खोलीने पस्तीस मिनिटं घेतली, आणि तेव्हाही टाइल्सच्या फटी काळपटच होत्या. गद्र्यांनी त्या खोलीत फिनेल बदललं, मग बंद केलं, मग पंखा दिवसभर चालू ठेवला. आनंदीबाईंना थंडी वाजायला लागली.

"मला न्यूमोनिया झाला तर चालेल ना?" त्या पांघरुणातून म्हणाल्या. "तुमची फरशी तेवढी वाळू दे."

"तुझ्यासाठीच चाललंय."

"तेच म्हणते. एवढं माझ्यासाठी आयुष्यात कधी केलं नाहीत. भीती वाटते."

गद्रे हसले नाहीत. तीन आठवड्यांपासून तो मॉप वाळत घातला की त्याला एक वास यायचा. फिनेलचा नाही, कुबट कापडाचाही नाही. ओल्या मातीचा, सडक्या पानांचा, शेवाळाचा. हॉल पुसलेल्या कापडाला तो येत नसे. म्हणून त्यांनी आतल्या खोलीचं कापड वेगळं केलं, आणि वासाचं कारण शोधायचं सोडून कापड कमी दर्जाचं आहे असं ठरवलं.

भाद्रपद संपत आला होता. त्या मंगळवारी सकाळी त्यांनी स्वयंपाकघरातला वजनकाटा ओट्यावर घेतला.

"कणकेच्या काट्यावर मॉपचं कापड?" आनंदीबाई आतून ओरडल्या. पलंगावरून त्यांना ओट्याचा कोपरा दिसायचा.

"खाली पिशवी घातलीय."

"मग माझंही करा. डॉक्टर म्हणाले वजन कमी झालंय."

पिळलेलं कापड दोनशे ग्रॅम भरलं. हॉल पुसून आल्यावर एकशे सत्तर. तीस ग्रॅम पाणी फरशीवर राहिलं, ते हवेत जाणार. बरोबर आहे. गद्र्यांनी कापड पुन्हा भिजवून, पिळून दोनशेवर आणलं आणि आतली खोली पुसली. नेहमीसारखी, दारापासून पलंगापर्यंत, पलंगाखालून भिंतीपर्यंत. परत आणून काट्यावर ठेवलं.

दोनशे पंचेचाळीस.

त्यांनी काटा शून्यावर आणला. अर्धा किलो साखरेची बंद पिशवी ठेवून पाहिली. काटा बरोबर होता. दुसऱ्यांदा पुसलं. दोनशे अठ्ठेचाळीस. तिसऱ्यांदा हॉल, एकशे एकाहत्तर. चौथ्यांदा आतली खोली, दोनशे एकावन्न.

आता उपकरणाला दोष देण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाणी कापडातून फरशीवर जात नव्हतं. फरशीतून कापडात येत होतं.

ते खडू घेऊन खाली बसले. जिथे टाइल कोरडी होती आणि जिथे ओली, त्या सीमेवर रेघ ओढत गेले. त्यांना वाटलं होतं की रेघ संडासाच्या भिंतीकडे जाईल, नळ गळत असेल. ती भिंतीकडे गेली नाही. पलंगाच्या उजव्या पायापासून निघाली, वळत वळत दाराच्या दिशेने आली आणि पुन्हा वळून पलंगाखाली शिरली. गद्रे पालथे पडून आत पाहत राहिले. रेघ गोल होती. साधारण आठ फुटांचा गोल, आणि पलंग बराचसा त्याच्यावर.

"अहो, काय सापडलं?"

"काही नाही. कोळिष्टक आहे."

चौतीस वर्षांत त्यांनी खोटा अहवाल दिला नव्हता. पायात चपला सरकवून ते म्हणाले, "मी संपतरावांकडे जाऊन येतो. उठू नकोस. बाथरूमला जायचं असलं तरी मी येईपर्यंत थांब."

इमारत उभी होती ती जमीन मूळची संपतरावांची. आता समोरच त्यांचं सिमेंट-सळईचं दुकान होतं. संपतराव पाटावर बसावं तसे खुर्चीत मांडी घालून बसले होते. दुकानामागे नव्या सात मजली इमारतीचं काम चालू होतं. पायाचा खड्डा कधीच बुजला होता, भोवती काँक्रीटची भिंत उभी होती.

"संपतराव, आमच्या आतल्या खोलीखाली काय आहे?"

"काय असणार काका? माती."

"गोल काय आहे?"

त्यांनी मांडी सोडली. "कुणी सांगितलं? सुंदराबाईनं?"

"फरशीने सांगितलं."

"ईर होती आमची," संपतराव म्हणाले. "थोरली. अख्ख्या आळीचं पाणी तिथं. सुंदराबाई लग्न होऊन आली तवा तिथंच घागर भरायची. दहा-बारा पुरुस, साठेक फूट खोल."

"विहीर बुजवली ना?"

"बुजवली की. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, समदं रीतीनं."

"नारळाचं नाही विचारत. भरली कशाने?"

संपतरावांनी समोरच्या सळईच्या ढिगाकडे पाहिलं. "बिल्डरला घाई व्हती. पावसाळा तोंडावर. पंधरा-वीस ट्रक लागले असते. त्यानं वर गर्डर टाकले, त्याच्यावर फरश्या, त्याच्यावर भराव. म्हणला, पिलर सगळे सोडून घेतलेत, वर नुसती झोपायची खोली येणार, वजन असं किती. आन बावीस वर्षं काय झालं नाय बघा."

"आता काय झालंय?"

"आता ह्यांनी ही भिंत घेतली," त्यांनी मागे अंगठा दाखवला. "खाली पार कातळापर्यंत. पाण्याची वाट व्हती ना ती, ओढ्याकडं जायची, ती अडली. आमच्याबी न्हाणीत ओल आलीय. गर्डर लोखंडाचेच होते काका. बावीस वर्षं पाण्याच्या वाफेवर." ते खुर्चीतून उठले. "काकू कुठं झोपतात?"

गद्रे तोवर रस्ता ओलांडत होते.

सुंदराबाई भांडी आटोपून निघाल्या होत्या. जिन्यापाशी त्या समोर आल्या तेव्हा गद्रे म्हणाले, "सुंदराबाई, तुमचं फडकं कोरडंच होतं." त्या काही बोलायच्या आत ते घरात शिरले होते.

आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर ते थांबले. आनंदीबाई पलंगावर बसून पेपर वाचत होत्या. पलंग आणि दार यांच्या मधली एक टाइल सकाळी सपाट होती. आता तिचा एक कोपरा बोटभर खाली गेला होता आणि फटीत पाणी चमकत होतं.

"आनंदी, उठ. वॉकर घे."

"आत्ता? बाथरूमला नाही जायचं मला."

"बाहेर यायचंय. मधून नको. पलंगाच्या मागून, भिंतीला धरून ये."

"तिकडे सामान आहे. आणि या ना तुम्ही हात द्यायला."

गद्र्यांचा उजवा पाय उंबऱ्याच्या आत गेला होता. त्यांनी तो मागे घेतला. त्यांचं वजन एकाहत्तर किलो होतं, तिचं अठ्ठेचाळीस. दोन्ही मिळून ती फरशी किती वेळ धरेल याचा आकडा कुणाकडेच नव्हता.

"मी येत नाही. तू ये."

आनंदीबाईंनी पेपर खाली ठेवला. तीन महिन्यांत हा माणूस पहिल्यांदाच हात धरायला पुढे आला नव्हता. त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. पाय खाली सोडले. वॉकरची रबरी बुचं ओल्या टाइलवर टेकली, जरा सरकली, थांबली.

"वजन हातांवर घे. पाय उचलू नकोस, सरकव."

"कळतं मला."

त्या उभ्या राहिल्या. पलंग कुरकुरल्यासारखा आवाज आला, पण तो पलंगाचा नव्हता. गद्र्यांनी दाराची चौकट धरली. भिंतीपर्यंत तीन टाइल्स, भिंतीकडेने दारापर्यंत पाच. दुसऱ्या टाइलवर वॉकरचा डावा पाय घसरला आणि आनंदीबाई कमरेत वाकल्या. गद्र्यांनी चौकट सोडली नाही. ते आत गेले असते तर ती घसरली नसती, आणि ते आत गेले असते तर कदाचित दोघंही तिथे राहिली नसती.

आनंदीबाई सावरल्या. "अहो," त्या अगदी हळू म्हणाल्या, "हे खाली हलतंय."

"माहीत आहे. भिंतीकडे बघ. माझ्याकडे नको."

तिसरी टाइल. त्यांचा तळहात भिंतीला टेकला. तिथून त्या रागाने वॉकर ठोकत ठोकत, एकेक पाऊल, कोपऱ्यातल्या बॅगा बाजूला ढकलत, कपाटाच्या दाराला खांदा घासत आल्या. गद्र्यांनी उंबऱ्यावर त्यांचा दंड धरला आणि हॉलमधून, उघड्या दारातून, थेट जिन्याच्या पायरीपर्यंत नेऊन सोडला.

मागे काहीतरी मोडलं. भांडं पडल्यासारखा आवाज नाही, जाड फळी मोडावी तसा. त्यानंतर पलंगाचं लोखंड ओरखडत गेलं. गद्र्यांना वाटलं, साठ फूट आहे, खाली पोहोचायला वेळ लागेल. त्यांनी नकळत मोजायला सुरुवात केली.

एक म्हणायच्या आत पाण्याचा आवाज आला.

दोघांनी वर पाहिलं. वर पहिल्या मजल्यावर, नेमक्या त्याच खोलीच्या डोक्यावर, अभय सोमणांचं कुटुंब राहत होतं, आणि त्यांच्याकडे कुणीतरी जड कपाट सरकवत असल्याचा आवाज येत होता.

"वर जा," आनंदीबाई म्हणाल्या. "सगळ्यांना खाली आणा."

"तू बस पायरीवर. मी आलोच."

"बसले तर उठवायला कोण आहे? मी उभी आहे. जा तुम्ही."

त्यांनी दोन्ही हातांनी जिन्याचा कठडा धरला. गद्रे तीन पायऱ्या चढून थांबले, वळले. घरातून पाण्याचा वास बाहेर यायला लागला होता. आनंदीबाई ताठ उभ्या होत्या.

"जा म्हटलं ना," त्या म्हणाल्या, आणि गद्रे वर धावले.